‘पारंपरिक’ म्हणजे नक्की कुणाचं?

मागच्या गणपतीत आमच्या मंडळात भांडण झालं. तसं दर वर्षी होतंच, वर्गणीवरून होतं, प्रसादाच्या जिलबीवरून होतं, पण या वेळी झालं ते गाण्यावरून, आणि ग्वाल्हेरच्या लश्कर भागातली मराठी माणसं गाण्यावरून भांडायला लागली की आरती उशिरा होणार हे समजून चालायचं. झालं काय, तर माझ्या भाच्यानं लहान मुलांच्या डान्ससाठी लॅपटॉपवर एक ट्रॅक बनवला, ड्रम-बिम घालून, आणि त्यात मुखडा घेतला भैरव रागातला, ‘जागो मोहन प्यारे’. मुलं छान नाचली. पण पहिल्या रांगेत आमचे एक काका बसले होते, पंचाहत्तरीचे, माधव संगीत महाविद्यालयात शिकलेले, ते मध्येच उठले आणि म्हणाले, बंद करा हे, भैरवाची पार वाट लावलीत. भाचा पण गप्प बसणाऱ्यातला नाही. तो म्हणाला, काका, राग काय कुणाच्या बापाचा असतो का? झालं. पुढचा अर्धा तास मोदक गार होत पडले होते.

मी तेव्हा मध्ये पडले नाही, पण नंतर डोक्यात तेच चालू राहिलं. आणि मला वाटतं दोघंही चुकले. गंमत म्हणजे काका सोवळ्यातले आणि भाचा ओवळ्यातला, तरी दोघांची चूक एकच आहे.

आधी काकांचं घेऊ. त्यांचं म्हणणं, शास्त्रीय संगीत म्हणजे देवघर, आणि हे फिल्मवाले-पॉपवाले चपला घालून आत येतात आणि मूर्ती उचलून नेतात. ठीक. पण काका, आपल्याच गावची गोष्ट काय आहे? शिंद्यांच्या दरबारात बडे मोहम्मद खाँ होते, त्यांच्या तानेचा दबदबा असा की दुसरं कुणी तसं गाऊच शकत नव्हतं, आणि ते कुणाला शिकवायला तयार नव्हते. तर महाराजांनी काय केलं, हस्सू खाँ आणि हद्दू खाँ या दोघा पोरांना पडद्याआड बसवलं, कित्येक महिने, खाँसाहेब रियाज करताहेत आणि पडद्यामागे ही दोघं कान लावून बसलीयत. आणि मग एक दिवस भर दरबारात त्यांनी तीच तान सोडली. खाँसाहेब संतापले. पुढे म्हणे त्यांनी हस्सू खाँना मियाँमल्हारात ‘कडक बिजली’ची तान घ्यायला लावली आणि ती घेताना हस्सू खाँच्या छातीतून रक्त आलं. यातलं खरं किती आणि रंगवलेलं किती ते देव जाणे, पण ग्वाल्हेर घराण्याबद्दल चार माणसं बोलायला बसली की ही गोष्ट निघते आणि कुणीही ती शरमेनं सांगत नाही, सगळे कौतुकानंच सांगतात. म्हणजे ज्या गायकीची गोष्टच पडद्याआडून उचललेल्या तानेपाशी सुरू होते, त्या गायकीच्या गावात बसून आपण एका पोराला म्हणणार की तू उचललंस?

आणि तानच कशाला. आपल्या घराण्याची शान म्हणून आपण टप्पा हा गानप्रकार मिरवतो, तो पंजाबातल्या उंट हाकणाऱ्यांच्या गाण्यातून आलेला, शोरी मियाँनी घडवलेला. राजा मानसिंह तोमरानं ध्रुपदाला इथे वर आणलं ते संस्कृत सोडून देशी बोलीत, लोकांच्या भाषेत. इंदूरजवळ देवासला कुमार गंधर्व आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्याच्या बायकांची गाणी ऐकत राहिले आणि त्यातून त्यांनी नवे राग काढले, नाव दिलं धुनउगम, म्हणजे धुनेतून उगवलेले. तेव्हा शुद्ध-बिद्ध काही नसतं हो. वर्षानुवर्षं हातोहात फिरून आलेलं आहे सगळं.

पण त्या पडद्याच्या गोष्टीत एक बारीक गोष्ट आहे, ती मला बऱ्याच उशिरा लक्षात आली. चोरी झाली, पण नाव राहिलं. आज बडे मोहम्मद खाँ हे नाव आपल्याला माहीत आहे ते का? त्यांची रेकॉर्ड नाही, काही नाही. माझ्यासारख्या कितीतरी जणांना ते माहीत आहे ते फक्त या चोरीच्या गोष्टीमुळे. ज्यांनी घेतलं त्यांच्याच वंशानं, त्यांच्याच शिष्यांनी, ही तान आमची नव्हती, अमक्याची होती, हे पिढ्यान्‌पिढ्या सांगत ठेवलं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे खरं तर, पण ते भाच्याला पटवायला जरा लांबून यावं लागेल.

भाचा म्हणतो राग कुणाच्या बापाचा नाही. शंभर टक्के बरोबर. यमनात हजारो गाणी झाली असतील आणि कुणी कुणाचं देणं लागत नाही. पण राग वेगळा आणि बंदिश वेगळी, आणि ही दोन्ही एकच समजण्यात सगळा घोळ आहे. यमन म्हणजे तीव्र मध्यम घ्या, निषादावरून असं या, हे झालं रस्ता कुठून जातो ते. ‘एरी आली पिया बिन’ ही मात्र कुणीतरी बसून बांधलेली चीज आहे. ‘पिया’ कुठे पडायचं, सम कुठल्या अक्षरावर यायची, मुखडा किती छोटा ठेवला तर गायकाला परत परत येता येईल, हा विचार आपोआप हवेतून येत नाही, कुणीतरी डोकं लावलेलं असतं. त्या माणसाचं नाव आपल्याला माहीत नसेल, पण म्हणून तो माणूस नव्हताच असं होत नाही ना.

आता फिल्मवाल्यांकडे येऊ. आणि आधीच सांगते की माझा जीव संगीतकार रोशनवर आहे, त्यामुळे पुढचं सगळं त्या चष्म्यातून वाचा. रोशन लखनौच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, भातखंड्यांच्या तालमीतलं कॉलेज ते, त्यामुळे या चिजा त्यांना पाठच. १९५१च्या ‘मल्हार’मध्ये त्यांनी गौडमल्हाराची ‘गरजत बरसत’ लताबाईंकडून गाऊन घेतली, पुढच्याच वर्षी ‘रागरंग’मध्ये तीच वर म्हटलेली ‘एरी आली’, आणि मग १९६०च्या ‘बरसात की रात’साठी परत गौडमल्हाराकडे गेले, सुमन कल्याणपूर आणि कमल बारोट यांचे आवाज, अंतरे साहिरनं नवे लिहिलेले. मी हे गाणं ऐकते तेव्हा मला वाट लावली वगैरे अजिबात वाटत नाही, उलट तीन-चार मिनिटांत मल्हाराचा सगळा गच्चपणा त्यात आलाय. सांगायचं तर मी आधी हे गाणं ऐकलं आणि पाच-सात वर्षांनी मूळ बंदिश शिकले, तेव्हा क्लासमध्ये मी म्हटलं, सर, हे तर त्या सिनेमातलं आहे! सरांनी असं बघितलं की अजून आठवतं.

पण याच रोशननी १९६४ला ‘फूल गेंदवा ना मारो’ केलं, मन्ना डेंनी झकास गायलंय, पडद्यावर कॉमेडी. आणि हे गाणं लोकांना माहीत होतं ते बनारसच्या रसूलनबाईंच्या गळ्यातून. ६४ साली रसूलनबाई हयात होत्या, त्यानंतर दहा वर्षांनी गेल्या. बंदिश त्यांनी रचली होती असं मी म्हणत नाहीये, त्यांच्याही आधीची असेल. पण आज कुणालाही विचारा फूल गेंदवा कुणाचं, मन्ना डे म्हणतील. तिथे मला टोचतं. गाणं कॉमेडी झालं त्याचं नाही, बाई पुसली गेली त्याचं.

तर नाव जातं कुठे? जुन्या लोकांनी नाव राहावं म्हणून सोय केली होती, आणि सोय गाण्यातच होती. अंतऱ्यात, म्हणजे चिजेच्या दुसऱ्या भागात, छाप असायची, रचणाऱ्याचं टोपणनाव. सदारंग, अदारंग, फैयाज खाँसाहेबांचं प्रेमपिया, बडे गुलाम अलींचं सबरंग, भातखंड्यांचं चतुर. म्हणजे चीज गायची तर रचणाऱ्याचं नाव तुमच्या तोंडून निघणारच, चुकवायचंच म्हटलं तरी चुकत नाही, इतकं पक्कं कॉपीराईट कुठल्या कायद्यात आहे सांगा! पण सिनेमाला काय लागतं, मुखडा. फार तर स्थायी, म्हणजे चिजेचा पहिला भाग. अंतरा टाकून दिला, गीतकारानं नवा लिहिला, आणि अंतऱ्याबरोबर छापही गेली. कुणी मुद्दाम पुसलं असं नाही. आपण केळं खातो आणि साल टाकतो तसं ते झालं, फक्त सालीवरच नाव लिहिलेलं होतं.

दुसरी सोय आपल्या मराठी माणसांची. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत ‘सौभद्र’ची एक जुनी, पानं सुटलेली प्रत होती. त्यात पदाच्या वर काय छापलेलं असायचं? राग अमुक, ताल तमुक, आणि ‘चाल’, पुढे ज्या गाण्यावरून चाल घेतली त्याची ओळ. किर्लोस्करांनी १८८२ साली हे नाटक आणलं तेव्हा कीर्तनातून, लावणीतून, कानडी गाण्यांतून, जिथून मिळेल तिथून चाली घेतल्या. पुढच्या संगीत नाटकांत तर ख्याल-ठुमरीतल्या चिजा भराभर आल्या. आणि हे सगळं उघड, छापून! त्यानं नाटकाचं काही बिघडलं नाही, प्रेक्षक काही म्हणाले नाहीत की अरेच्चा ही तर उसनी चाल, पैसे परत द्या. उलट मूळ माहीत असणारा जरा जास्तच मान डोलवायचा. दीडशे वर्षांपूर्वी आपल्याला जे एका ओळीत जमत होतं ते आज यूट्यूबच्या डिस्क्रिप्शनमध्ये, जिथे माणसं गिटार कुणी वाजवली आणि मेकअप कुणी केला ते पण लिहितात, तिथे जमत नाही. तिथे असतं, ‘म्युझिक: अमुक’, आणि फारच प्रामाणिक असेल तर ‘पारंपरिक’.

या शब्दाचा मला आताशा राग येतो. ‘पारंपरिक’ लिहिलं की वाटतं लिहिणारा फार नम्र आहे, परंपरेपुढे झुकलाय वगैरे. खरं तर बऱ्याचदा त्याचा अर्थ असतो की मी शोधलं नाही.

ते ए. आर. रहमानचं प्रकरण आठवत असेल. २०२३च्या ‘पोन्नियिन सेल्वन २’मधलं ‘वीरा राजा वीरा’. ध्रुपद गाणाऱ्या डागर घराण्याचे वासिफुद्दीन डागर कोर्टात गेले, म्हणाले ही आमच्या वडिलांची आणि काकांची, म्हणजे धाकट्या डागर बंधूंची, ‘शिवस्तुती’ आहे, अडाणा रागातली. गाण्याच्या श्रेयात डागरवाणी परंपरेतल्या ध्रुपदावर आधारित अशा अर्थाचं लिहिलेलं होतं, व्यक्तीचं नाव नाही. परत तेच, पारंपरिक. एप्रिल २०२५ला दिल्ली हायकोर्टानं अंतरिम आदेश दिला, श्रेयात दोघांची नावं घाला आणि २ कोटी रुपये कोर्टात भरा. आणि आमच्या मांडवातल्या भांडणानंतर काही आठवड्यांतच, २४ सप्टेंबरला, दोन न्यायाधीशांच्या पीठानं तो आदेश उलटवला, साधारण मुद्दा असा की कुणी एखादी चीज गायली म्हणजे ती त्यानंच रचली असं धरता येत नाही. भाच्यानं लगेच मला बातमी फॉरवर्ड केली, खाली हसणारा इमोजी. मावशी, देखा?

देखा बाबा. आणि खरं सांगू, कोर्टाचा मुद्दा मला कायद्याच्या अंगानं समजतो सुद्धा. तोंडी चाललेल्या विद्येत कागद कुठून आणायचा? आपल्याकडे कायदा काय म्हणतो, रचनाकार गेल्यानंतर ६० वर्षं हक्क, मग सगळ्यांचं. सदारंगाला जाऊन अडीचशेच्या वर वर्षं झाली, त्याच्यासाठी कोण कोर्टात जाणार? पण म्हणूनच मी म्हणते की हा विषय कोर्टाचा कमी आणि रीतीभातीचा जास्त आहे. आणि याच रहमाननी २००९च्या ‘दिल्ली ६’मध्ये ‘भोर भये’ केलं तेव्हा बडे गुलाम अलींची गुजरी तोडी घेतली, खाँसाहेबांचा खरा आवाज घेतला, बरोबर श्रेया घोषाल, आणि गायकांमध्ये खाँसाहेबांचं नाव ठळक आहे. त्यानं गाणं लहान झालं का? माझ्या ऑफिसमधल्या दोन मुलींनी त्या गाण्यामुळे खाँसाहेब शोधून ऐकले, एकीनं तर मला विचारलं की मॅडम, ये गुजरी तोडी मतलब गुजरात की क्या? (त्यावर मी तिला जेवणाच्या सुट्टीत आमच्या किल्ल्याखालच्या गुजरी महालाची गोष्ट सांगितली, तो राग मानसिंहाच्या गुजरी राणीच्या, मृगनयनीच्या, नावावरून आला असं इथे सांगतात. ती आता मला टाळते.)

अजून एक गंमत बघा. भाच्यानं जो मुखडा घेतला, ‘जागो मोहन प्यारे’, तो सिनेमात आणला सलील चौधरींनी, १९५६चा ‘जागते रहो’. रात्रभर पाण्यासाठी वणवण फिरलेल्या माणसाला शेवटी पहाटे पाणी मिळतं तिथे भैरव! ज्यानं ती जागा शोधली त्याला काकांनी खरं तर फुलं वाहायला हवीत. याच सलीलदांनी १९६१च्या ‘छाया’मध्ये मोझार्टच्या चाळिसाव्या सिम्फनीवरून ‘इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा’ केलं. आता दोन्ही उसनवारीच. पण ‘छाया’चं गाणं निघालं की कुणीतरी हटकून म्हणतोच, अरे हे मोझार्टचं आहे, आणि म्हणताना त्याची कॉलर ताठ असते. ‘जागो मोहन’ निघालं की कुणी म्हणत नाही हे अमक्याचं आहे, कारण तिकडे मोझार्टनं कागदावर लिहून ठेवलं, त्यावर त्याचं नाव आहे, आणि इकडे आपण क्रमिक पुस्तकात राग छापला, ताल छापला, मात्रा मोजून छापल्या, नावाची जागाच ठेवली नाही. हे फिल्मवाल्यांनी नाही केलं. आपण केलं. काका ज्या वर्गात शिकले त्याच वर्गात केलं.

म्हणून मी म्हटलं दोघांची चूक एक. काका बंदिशीला देवाची वस्तू समजतात आणि भाचा रस्त्यावरची. दोघांच्याही हिशेबात ती बांधणारा माणूस नाहीच.

आता घरचं सांगते. माझ्या आत्यानं जीवाजीगंजात चाळीस वर्षं घरी मुलींना गाणं शिकवलं. तिनं स्वतः काही चिजा बांधल्या, त्यातली बागेश्रीतली एक तिच्या मुली खूप गायच्या. दोन वर्षांपूर्वी एका भजनाच्या अल्बममध्ये ती मला ऐकू आली, शब्द बदललेले, मुखडा तोच, अगदी उठाव, म्हणजे सुरुवात सुद्धा तीच, आणि खाली लिहिलेलं, चाल: पारंपरिक. मी इतकी चिडले की तशीच स्कूटर काढून तिच्याकडे गेले आणि मोबाईल तिच्या कानाला लावला. तिनं दोनदा ऐकलं. म्हणाली, गंधार उगाच लांबवलाय गं मेल्यानं. मी म्हटलं, अगं पण तुझं नाव! तर म्हणाली, माझी तरी सगळी कुठे होती ती, तो उठाव मी आमच्या गुरुजींच्या एका चिजेवरून घेतला होता. मी विचारलं, हे तू मुलींना सांगायचीस? तर ती म्हणाली, म्हणजे काय, दर वेळी, आणि बोलता बोलता तिचा हात आपोआप कानाच्या पाळीला गेला.

गुरूचं नाव घेताना कानाला हात लावायचा. गाणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. एवढं छोटं आणि फुकट.

आत्याला राग आला नाही, मला अजून येतो. तिला दहा-वीस हजार मिळाले असते तर वाईट वाटलं नसतं हेही खरं, गुडघ्यांच्या औषधांना उपयोग झाला असता. पण पैशाच्या आधीची पायरी नावाची आहे, आणि ती चढायला कुणाला खर्च येत नाही.

मात्र आपल्या बाजूच्या लोकांनी फार फुशारकी मारू नये. मी वर कुमारजींचं सांगितलं. त्यांनी धुनउगम असं उघड म्हटलं, हा मोठेपणा आहेच, कित्येकांनी तेवढंही म्हटलं नाही. पण माळव्यातल्या ज्या बाया जातं ओढताना, लग्नात, पाण्याला जाताना त्या धुना गायच्या त्यांची नावं कुठायत? शास्त्रीयवाल्यांचं ‘लोकधून’ आणि फिल्मवाल्यांचं ‘पारंपरिक’ यात मला फारसा फरक दिसत नाही. वरचा खालच्याचं घेतो तेव्हा खालचा लोक होतो, आणि त्याच्याही वरचा घेतो तेव्हा आपण परंपरा होतो. डागरांना जे वाटलं ते त्या बायकांना वाटलं असेल का? त्यांना विचारायला कुणी गेलं नाही, आणि त्यात मीही आले, कारण आमच्या मंडळाच्या पत्रिकेवर गेली कित्येक वर्षं मीच ‘लोकगीत’ असं टाइप करत आलेय.

दर डिसेंबरात तानसेन समारोहाला आम्ही जातो, पहाटेची सनई, मग ढोलीबुवांची हरिकथा, मग मिलाद, थंडीनं दात वाजत असतात, खिशात गजक. तिथे इतके मोठमोठे लोक गाऊन जातात, पण निवेदक काय सांगतो? राग, ताल, साथीला कोण. चीज कुणाची हे दहात एखादा कलाकारच सांगतो आणि सांगितलं की बघा, मागे बसलेली कॉलेजची पोरं लगेच मोबाईल काढून काहीतरी टाइप करतात. गेल्या सव्वाशे वर्षांतल्या तरी किती रचनाकारांची नावं अजून माणसांच्या डोक्यात आहेत, घराघरांत वह्या पडल्यात. ती माणसं गेली की त्याही चिजा पारंपरिक होणार.

तर यंदा मी भाच्याला सांगितलं, कर रिमिक्स, ड्रम घाल, काय घालायचं ते घाल, पण पत्रिकेत प्रत्येक गाण्याखाली ‘चाल’ लिहायची, कुठून घेतली, कुणाकडून ऐकली, आणि रचणारा सापडला नाही तर ‘सापडला नाही’ असं लिहायचं, ‘पारंपरिक’ लिहायचं नाही. कुरकुर करत त्यानं शोधलं. एका भजनाची चाल त्याला समोरच्या वाड्यातल्या आजींनी सांगितली, त्यांच्या सासूनं बांधलेली निघाली, आम्ही बारा वर्षं तिला लोकगीत म्हणत होतो. मजकूर घेऊन फालका बाजाराजवळच्या प्रेसमध्ये गेले तर तिथला मुलगा म्हणाला, मॅडम, इतनी जगह नहीं है, सब जगह पारंपरिक डाल दूँ? मी म्हटलं, नाही, ती शेवटच्या पानावरची सराफाची जाहिरात दोन बोटं कमी कर. जाहिरात काकांच्या जावयाची आहे, त्यामुळे यंदाही आरतीला उशीरच होणार.